ही जागा रिकामी आहे का?

१

मुकादमाला मुकादम कुणी नेमलं नव्हतं. तो चष्मेवाला. सकाळी खाली दुकान, दुपारी शटर ओढून मधल्या मजल्यावर जेवण, आणि हात वाळायच्या आत लोखंडी जिन्याने गच्चीवरच्या खोलीत. तिथे त्याचा रेडिओ सेट होता. त्या सेटवर एक फ्रिक्वेन्सी होती, जिच्यापायी तो सगळ्या जगाशी भांडण काढायला तयार असायचा.

ती हाकेची फ्रिक्वेन्सी. म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची सामाईक जागा, एकमेकांना हाक मारण्यापुरती. तिथे यायचं, आधी कान द्यायचा, जागा रिकामी आहे का असं विचारायचं आणि मग हाक मारायची. कुणी ओ दिली, की ओ देणाऱ्याने दुसरी फ्रिक्वेन्सी सांगायची आणि दोघांनी तिकडे जाऊन मनसोक्त काय ते बोलायचं. इकडची जागा पुढच्यासाठी मोकळी. उद्या कुणाच्या घराला आग लागली तर त्याची हाक कुणाला तरी ऐकू जायला नको? इतकी सरळ गोष्ट. पण माणसं ती माणसंच! तिथेच फतकल मारून गुडघेदुखीवर बोलत बसायची.

मग मुकादमाच्या मस्तकात तिडीक जायची. "अहो महाशय, दारात उभे राहून काय कुटाळक्या करताय? मागे माणसं खोळंबलीत. चला, हला!" दात काढणारा डॉक्टर त्याचा जुना दोस्त, तोही रेडिओवाला. त्यानेच हे मुकादम नाव ठेवलं. "लोकांच्या तोंडात हात घालायचे मी पैसे घेतो," तो म्हणायचा, "हा फुकट घालतो."

रेडिओवर बोलायचा परवाना बायकोनेही काढला होता, मुकादमाच्याच हट्टापायी. सुरुवातीला ती हौसेने हाकेच्या फ्रिक्वेन्सीवर यायची. एकदा तिथे एका बाईशी चार वाक्यं जास्त बोलली, तर या पठ्ठ्याने मध्ये घुसून सगळ्यांदेखत तिची खरडपट्टी काढली. "घरची माणसं म्हणून मी कुणाला सोडणार नाही," असंही वर ऐकवलं. त्या दिवसापासून ती तिथे फिरकली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिचा हँडसेट, म्हणजे हातात मावणारा छोटा सेट असायचा, तो घरच्या फ्रिक्वेन्सीवर लावलेला. ती फक्त दोघांची. मुकादम वरून त्यावर चहा मागायचा. ती काही सांगायला लागली, की अर्ध्यावर तोडायचा. "बरं, बरं, कळलं. ओव्हर."

२

त्या दुपारी चहा आला नव्हता. मुकादम चहासाठी दोनदा घड्याळाकडे आणि एकदा जिन्याकडे बघून झाला होता. आता घरच्या फ्रिक्वेन्सीवर जायचं आणि बायकोला फैलावर घ्यायचं, एवढ्या तयारीने त्याने बटणाला हात घातला. इतक्यात हाकेच्या फ्रिक्वेन्सीवर आवाज आला.

"ही जागा रिकामी आहे का?"

पुरुषाचा आवाज. संथ, स्वच्छ. विचारून झाल्यावर तो गप्प राहिला, उत्तराला जागा सोडून. मुकादमाला बरं वाटलं. कुणीतरी एक रीतभात पाळणारा निघाला म्हणायचा.

"रिकामी आहे. कॉलसाइन सांगा."

परवान्याबरोबर मिळालेलं ते नाव. ते सांगितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा पहिला नियम. पलीकडून मात्र पुन्हा तेच आलं. "ही जागा रिकामी आहे का?"

"रिकामी आहे म्हणून सांगितलं ना! कॉलसाइन!"

"ही जागा रिकामी आहे का?"

मुकादमाच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरंटोरं चेष्टा करतायत की काय? त्याने सेटच्या काट्याकडे पाहिलं. येणारा आवाज किती जोरात आहे ते तो काटा दाखवतो. लांबचा माणूस असेल तर काटा जेमतेम हलतो, शेजारच्या गल्लीतला असेल तर चांगला उडी मारतो. आता तो उजव्या टोकाला जाऊन टेकला होता आणि थरथरतही नव्हता. इतका जवळ कोण होता? आसपासच्या घरांत त्याच्याशिवाय कुणाकडे सेट नव्हता.

"हे बघा, कोण असाल ते असा! कॉलसाइन नाही, नाव नाही, गाव नाही, आणि जागा अडवून बसलाय. हला इथून!"

"हलतो," आवाज म्हणाला. "कुठे जाऊ?"

विचारणं रीतीला धरूनच होतं. ओ देणाऱ्याने जागा सांगायची. आणि मुकादमाने सांगितली. रागाच्या भरात, चहाच्या तिरीमिरीत, जो आकडा जिभेच्या टोकावर होता तोच तोंडातून गेला.

"आभारी आहे. तिकडे जातो."

काटा खाली पडला. फ्रिक्वेन्सी मोकळी झाली. मुकादमाने विजयी मुद्रेने खुर्चीत अंग टाकलं आणि मग त्याच्या लक्षात आलं, आपण त्याला घरच्या फ्रिक्वेन्सीवर पाठवलंय.

३

त्याने लगेच तिकडे सेट लावला. नुसती खरखर.

"ऐकतेस का? ओव्हर."

"ऐकतेय. चहा ठेवलाय, दूध नासलं होतं म्हणून..."

"ते असू दे. कोणी आलं होतं का आत्ता?"

"इथे?" बायको म्हणाली. "इथे कोण येणार? तुम्ही सुद्धा येत नाही."

टोमणा होता. मुकादमाने तो कानाआड केला. हिच्याशी आता कोण हुज्जत घालणार? "कोणी आगाऊ माणूस आला तर बोलू नकोस. सरळ सांग, बाजूला व्हा म्हणून. ओव्हर." उत्तराची वाट न बघता त्याने सेट पुन्हा हाकेच्या फ्रिक्वेन्सीवर आणला.

चहा आला. बायको कप ठेवून क्षणभर दारात उभी राहिली. तिला काहीतरी सांगायचं होतं. मुकादमाने कानावरचा हेडफोन काढला नाही.

४

पुढचे काही दिवस तो आवाज हाकेच्या फ्रिक्वेन्सीवर आला नाही. मुकादमाला वाटलं, बरी खोड मोडली.

पण घरात काहीतरी बिनसलं होतं. बिनसलं म्हणजे काय, भांडणं थांबली होती. चहा न मागता वेळेवर यायला लागला. बायको कप ठेवून दारात रेंगाळायची बंद झाली. ठेवला की लगबगीने खाली. जेवताना तो भाजीला नावं ठेवायचा, तर ती "हो का?" म्हणून मोकळी व्हायची. पूर्वी तिने ताटाचा आवाज केला असता, खुर्ची सरकवली असती. आता तिचं लक्ष खिडकीतल्या हँडसेटकडे असायचं.

एका दुपारी तो हाकेच्या फ्रिक्वेन्सीवर कुणाला तरी झापत असताना खालून हसू ऐकू आलं. बायकोचं. मुकादमाने बटणावरचा हात काढला. हे हसू त्याने लग्न झाल्या झाल्या ऐकलं होतं, पोटातून येणारं, मध्ये श्वास लागणारं. कुठे हरवलं होतं कोण जाणे. शेजारीण आली असेल, त्याने मनाशी म्हटलं. पण शेजारणीचं हसू ऐकू येत नव्हतं.

त्याने घरची फ्रिक्वेन्सी लावली.

"...आणि मग मी ती बस सोडूनच दिली," बायको बोलत होती. "उभी राहिले तशीच फाटकात. म्हटलं, नाही जात आता कॉलेजला. घरी कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. ऐकायला वेळ कुठे असतो त्यांना? ओव्हर."

मग पुरुषाचा आवाज आला. "मग? फाटकात किती वेळ उभी होतीस?"

मुकादम सेटवर वाकला. वाक्याच्या शेवटी घसा साफ करायची ती बारीक खाकर. 'किती' म्हणताना जरा लांबवलेला स्वर. आपला आवाज आपल्याला उशिरा ओळखू येतो, पण येतो. तो त्याचाच आवाज होता. फक्त त्यातला राग कुणीतरी काढून ठेवला होता.

काटा उजव्या टोकाला टेकलेला.

माझं काहीतरी टेप करून ठेवलंय, मुकादमाचं डोकं धावायला लागलं. तुकडे जोडून कुणीतरी ऐकवतंय. पण असं प्रेमाने 'उभी होतीस' तो कधी कुणाला म्हणाला होता, की ज्याचा तुकडा मिळावा? त्याने सेटच्या मागे हात घातला आणि एरियलची वायर उपसून काढली. वायर नाही म्हणजे सेट बहिरा. बायकोचा आवाज खरखरत अर्ध्यावर आला.

पुरुषाच्या आवाजाचा काटा तसूभर हलला नाही. "सांग ना," तो म्हणत होता. "मी ऐकतोय."

वायर हातात धरून मुकादम खोलीभर बघत राहिला. टेबल, खुर्ची, कपाट, भिंतीवरचा नकाशा. खोलीत तो एकटाच होता. कपाट उघडून पाहायचा त्याला धीर झाला नाही, आणि आपल्याला धीर होत नाही याचाच त्याला मनस्वी संताप आला.

५

"तू आहेस तो!" मुकादमाने दवाखान्यात शिरता शिरता तोफ डागली. "हलकट माणसा! भर दुपारी माझ्या बायकोशी माझ्या आवाजात गुलुगुलु बोलतोस?"

खुर्चीत तोंड वासून बसलेल्या पेशंटने डोळे मोठे केले. डॉक्टर नकला चांगल्या करायचा, रेडिओवाल्यांच्या स्नेहसंमेलनात त्याने मुकादमाची नक्कल करून टाळ्या घेतल्या होत्या. मुकादमाला दुसरा कुणी सुचला नव्हता.

डॉक्टरने हातातलं अवजार ट्रेमध्ये ठेवलं. "मुकादम, दुपारी मी दात काढतो. हे गृहस्थ साक्षीला आहेत."

"मग कोण बोलतंय?"

"काय बोलतंय?"

मुकादमाने सांगितलं. सांगताना त्याचं त्यालाच सगळं खुळचट वाटायला लागलं. डॉक्टर हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने पेशंटच्या तोंडात कापूस कोंबला आणि मुकादमाला बाहेरच्या पॅसेजमध्ये नेलं.

"माझी नक्कल आठवते?" तो म्हणाला. "तुझा आवाज काढायचा तर आधी ओरडावं लागतं. ओरडल्याशिवाय तो तुझा वाटतच नाही. हळू बोलणारा तू मी कधी ऐकलेला नाहीस. मग मी काढणार कसा?"

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"ते मी म्हटलं नाही. वहिनींना विचारलंस का?"

दुनियेला जाब विचारत तो इथवर आला होता, आणि हे त्याला सुचलंच नव्हतं.

"घरी जा," डॉक्टर म्हणाला. "आणि हे बघ, तिथे तरी ओरडू नकोस."

६

तो घरी आला तेव्हा भर दुपार होती. मधल्या मजल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, आत बायकोचा आवाज. सरळ आत जायचं सोडून त्याचे पाय सवयीने वर गेले. सेटवर जाऊन त्या चोराला रंगेहाथ पकडतो, असं त्याने स्वतःला समजावलं. खरं म्हणजे दार ढकलायची त्याला भीती वाटली होती.

वर येऊन त्याने घरची फ्रिक्वेन्सी लावली आणि दोघांच्या बोलण्यात सरळ घुसला.

"बंद कर! ताबडतोब बंद कर! तो मी नाही. मी इथे वर आहे. ऐकतेस का?"

पलीकडून बायकोचा आवाज आला, परीक्षेत पाठ केलेलं म्हणावं तसा सपाट.

"ही फ्रिक्वेन्सी चालू आहे. आपण बाजूला व्हावं."

मुकादमाने दहा जणांना शिकवलेलं वाक्य. तिलाही त्यानेच पाठ करून घेतलं होतं. मध्ये तोंड घालणाऱ्याशी वाद घालायचा नाही, एकदा सांगायचं आणि आपलं बोलणं पुढे चालू ठेवायचं.

"अगं, मी तुझा नवरा बोलतोय! अक्कल गहाण ठेवलीस का?"

ती त्या दुसऱ्याला म्हणाली, "तुम्ही असे लांबून किती दिवस बोलणार? या ना खाली. कुठे यायचं ते ओ देणाऱ्याने सांगायचं असतं ना? मी सांगते. स्वयंपाकघरात या. ओव्हर."

"येतो," मुकादमाचा आवाज म्हणाला.

काटा खाली पडला. आणि बाहेर, लोखंडी जिन्याच्या वरच्या पायरीवर, पाऊल वाजलं.

मुकादम खोलीतच होता. खोलीचं दार उघडं होतं, दारातून सगळी गच्ची दिसत होती, उन्हाने पांढरी पडलेली, आणि गच्चीवर चिटपाखरू नव्हतं. पावलं जिना उतरत होती. निवांत, वजनदार, त्याच्यासारखीच उजवा पाय जरा आपटत.

७

तो धावला. जिन्यात कुणी नव्हतं. खाली पोचेपर्यंत स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी पडली होती. ते दार कधी लागत नसे. कडी गंजून घट्ट बसली होती, ती लावायलाही जोर लागला असणार.

दाराच्या वरच्या भागात खरबरीत काच होती. तिच्यातून आतलं नीट दिसायचं नाही, नुसते रंग आणि आकार. टेबलाच्या एका बाजूला बायकोची निळी साडी. समोरच्या खुर्चीत, जिच्यावर जेवणाव्यतिरिक्त मुकादम कधी बसला नाही, कुणीतरी बसलेलं. दोन्ही कोपर टेबलावर टेकून पुढे झुकलेलं. चेहऱ्याच्या जागी ऊन पडून मुकादमाच्या चष्म्यासारख्याच काचा चमकल्या.

"दार उघड!" मुकादमाने दारावर मुठी आपटल्या. "आधी दार उघड! तो मी नाही. तुला कळतंय का मूर्ख बाई, तो मी नाही!"

आतलं बोलणं थांबलं.

"माहीत आहे मला," बायको म्हणाली.

ती ओरडली नव्हती, पण तिच्या आवाजात इतका राग होता की मुकादमाची मूठ वरच्या वर राहिली.

"पहिल्याच दिवशी कळलं. चहा देऊन खाली आले तर सेटवर तुमचा आवाज. मी दुधाचं सांगत होते. वाक्य लांबलं. म्हटलं आता तोडतील, आता ओव्हर म्हणतील. तर हे थांबले. मी संपवेपर्यंत थांबले. तेव्हाच कळलं, हे तुम्ही नाही."

"अगं, पण कोण आहे तो? काय आहे? तुला भीती..."

"मध्ये बोलू नका!"

मुकादम गप्प झाला. जन्मात पहिल्यांदा तिने सांगितलं आणि तो गप्प झाला. त्याने कपाळ काचेला टेकवलं. आता ती बोलेल आणि आपण ऐकू, सगळं ऐकू, बसचं, फाटकाचं, नासलेल्या दुधाचं, कितीही लांबलं तरी. पण तिला त्याच्याशी आणखी काही बोलायचं नव्हतं. ती समोरच्याकडे वळली.

"इथे काही हे आपल्याला बोलू देणार नाहीत," ती म्हणाली. "दुसरीकडे जाऊ या. या वेळी तुम्ही सांगा. मी येते."

उत्तर अगदी हळू आलं. मुकादमाने कान दाराला लावला, पण त्याला स्वतःचाच श्वास ऐकू आला. मग एक खुर्ची सरकली. मग दुसरी. काचेतली निळी साडी उठून उभी राहिली, आणि समोरचा आकार तिच्यासाठी एक पाऊल बाजूला झाला.

मुकादमाने दाराला खांदा दिला. दुसऱ्या धडकेला कडी निखळली आणि तो भेलकांडत आत गेला.

आत कुणी नव्हतं. खिडकीला गज होते आणि दार तेवढं एकच. टेबलावर दोन कप, दोन्ही रिकामे. गॅस बंद केलेला, ओटा पुसलेला. तिच्या खुर्चीची पाठ अजून कोमट होती.

खिडकीत हँडसेटचा दिवा लागलेला होता. त्यातून खरखर येत नव्हती. रेडिओवाल्याला ही शांतता कळते. फ्रिक्वेन्सी रिकामी असली की खरखरते. अशी गप्प असते तेव्हा पलीकडे कुणीतरी बटण दाबून धरलेलं असतं, काहीही न बोलता. मुकादम बघत असताना तिकडचं बटण सुटलं. एक बारीक टक् झालं. म्हणजे, तुमची पाळी. बोला.

त्याने सेट उचलला आणि बटण दाबलं.

"कुठे गेलीस?" तो ओरडला. "हा काय तमाशा आहे? आत्ताच्या आत्ता परत ये. मी वर जाणार नाही, इथे बसतो, तू म्हणशील तोवर बसतो. सांग ना, बसचं काय झालं? कोणतं कॉलेज? मला कसं माहीत नाही? सांगायचं होतंस ना, तोंड धरलं होतं का मी तुझं? बरं, धरलं असेल. चुकलं. पण म्हणून असं... ओ दे, अगं! नुसती ओ दे!"

बटण दाबलेलं असलं की सेट फक्त बोलतो, त्याला ऐकू येत नाही. उत्तर हवं तर बटण सोडायला हवं. पलीकडे जे कुणी होतं ते त्याचं बोलणं संपायची वाट बघत होतं, अजिबात घाई न करता, आणि तो थांबला रे थांबला की बोलणार होतं. ते तिच्या आवाजात असेल की त्याच्या, याचा विचार मनात आला आणि मुकादमाचा अंगठा बटणावर आणखी घट्ट बसला.

अंगठा पांढरा पडला, मग दुखायला लागला. हँडसेट तापला. शिव्या संपल्या, विनवण्या संपल्या, शब्द संपत आले, तेव्हा बटण न सोडता तो फळीवरच्या डब्यांवरची नावं मोठ्याने वाचायला लागला.